कानबाई माछलीघर, पधरावो

मला माशांची किळस येते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भूतदयावाली समजायला नको. माझं फॉल-पिकोचं दुकान सुरतेच्या डिंडोलीत, आणि भिंतीला भिंत लागून निंबाआप्पांचं माछलीघर. त्यांच्या काचेच्या टाक्यांची ओल माझ्या भिंतीत उतरायची आणि त्या ओलीला शेवाळाचा, वाळक्या किड्यांचा, कसकसला वास यायचा. गिऱ्हाईक बाया साडी घेताना आधी नाकाशी धरायच्या. मी उदबत्त्या लावून थकले. आप्पांना सांगितलं तर ते म्हणायचे, "माले त काईच वास नई येत ताई." कसा येणार? त्यांच्या गालात अष्टौप्रहर लवंग.

त्या लवंगेचीही गोष्ट आहे. आप्पा आधी लिंबायतला लूमच्या कारखान्यात होते. त्याला इकडे खातं म्हणतात. खात्यात प्रत्येकाच्या तोंडात तंबाखू, तशी त्यांच्याही. पुढे माछलीघर टाकलं आणि तंबाखूचा हात पाण्यात गेला तर मासे मरतात असं कळलं. त्या दिवशी डबी गटारात फेकली आणि गालात लवंग धरली. "मी सांगून सांगून मेले, डॉक्टरने सांगितलं, तेव्हा नाही सोडली. आणि बोटाएवढ्या माशांसाठी सोडली," हे त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला निदान शंभरदा ऐकवलं असेल. लवंगेचं कौतुक आप्पांना फार. दाढ दुखो, घसा बसो, मन उदास होवो. "लवंग धर. दुखनं झोपाडी देस ती," म्हणायचे. दुखणं झोपवते म्हणे.

खात्याने त्यांचे कान खाल्ले होते. उमेदीची सगळी वर्षं त्या खडखडाटात गेल्यावर माणसाला जेवढं ऐकू यायचं तेवढंच त्यांना यायचं. त्यामुळे ते बोलायचे ते गल्लीभर. हळू आवाजात काही सांगायचं झालं तर पुढच्याला जवळ ओढून त्याच्या कानात ओरडायचे. मासेच का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "हाई बोलतस नई. मंग माले बहिराबी म्हनतस नई."

अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, आणि उजवा हात कोपरापर्यंत कायम ओला. त्या हाताची कातडी भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी सुरकुतलेली. त्याच हाताने ते माझ्याकडचा चहा घ्यायचे आणि मी त्यांचा कप वेगळा ठेवायची. त्यांना ते माहीत होतं. दुसऱ्या कुणी चुकून तो कप उचलला तर हेच ओरडायचे, "तो नको, तो मना शे, घान शे."

आता पाटीचं सांगते, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. आमच्या घरात अहिराणी, बाजारात गुजराती आणि भांडायला हिंदी, अशी आम्हा खानदेशी लोकांची सुरतेतली सोय. तिन्ही येतात आणि तिन्हींत चुका होतात. आप्पांना दुकानावर गुजरातीत लिहून हवं होतं, कानबाई माछलीघर, आणि खाली 'पधारो'. म्हणजे या, यावं. पण आप्पांनी पेंटरला सांगितलं 'पधरावो'. पेंटर बिचारा दोनदा म्हणाला, "काका, पधारो ने?" आप्पा त्याच्या कानात ओरडले की नाही, पधरावोच, ते जास्त मानाचं आहे. त्यांचं गणित असं होतं की मांडवात गणपती आणतात तेव्हा लोक 'बाप्पाने पधरावो', म्हणजे बाप्पाला बसवा, म्हणतात. देवाला जो शब्द, तो गिऱ्हाइकाला का नको?

मी पाटी वाचली आणि हातातली सुई ठेवली. म्हटलं, "आप्पा, पधरावो म्हणजे या नाही. देव मांडायचा तोही पधरावतात, अस्थी नदीत सोडायच्या त्याही पधरावतात, आणि घरातली नको झालेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, तीही पधरावतात. तुम्ही लोकांना या म्हटलेलं नाही. आणून टाका म्हटलंय."

आप्पांनी पाटीकडे बघितलं, लवंग या गालातून त्या गालात घेतली आणि म्हणाले, "लिखाई गयं ते लिखाई गयं."

आठवडा गेला नसेल, एक जोडपं मोटरसायकलवर आलं. बाईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोन मोठ्या गोल्डफिश, तोंड वर करून श्वास घेत असलेल्या. "काका, पधराववी छे." घर बदलतोय, टाकी कोण उचलणार. आप्पा म्हणाले मी विकतो, घेत नाही. त्या माणसाने पाटीकडे बोट केलं. "लख्युं छे ने." लिहिलंय ना. आप्पा खुळ्यासारखे त्या बोटाकडे बघत राहिले. मग पिशवी घेतली. इथेच चुकलं त्यांचं. एकाची घेतली की गावाची घ्यावी लागते.

त्यानंतर मी जे बघितलं ते बघून मला माशांची किळस कमी आणि माणसांची जास्त यायला लागली. लोक मासा कशातून आणतील याला धरबंद नव्हता. आइस्क्रीमच्या डब्यातून, रंगाच्या बादलीतून, एका बाईने तर कुकरमधून आणला होता आणि कुकर परत मागायला थांबली होती. दिवाळीच्या सफाईत सगळ्यात जास्त. भंगार काढलं, रद्दी काढली, मासा काढला. आप्पांना देताना चेहऱ्यावर काय तो पुण्य केल्याचा भाव. "अमे तापीमां नाखी देत, पण जीव छे ने, एटले तमने आप्यो." म्हणजे नदीत टाकला असता, पण जीव आहे म्हणून तुमच्या गळ्यात मारला. वर आमचे उपकार माना.

आप्पांची एक रीत होती. पिशवी हातात घेण्याआधी विचारायचे, "नाम शुं?" माणूस आपलं नाव सांगायचा. आप्पा ओरडायचे, "तमारुं नहीं, आनुं." आणि पिशवीवर बोट टेकायचे. मग तो माणूस ओशाळायचा, इकडे-तिकडे बघायचा, आणि बहुतेक वेळा नाव निघायचंच. पोरांनी ठेवलेलं असायचं. शेरा, पिंकी, मोटू, कॅप्टन. नाव सांगून झालं की आप्पा पिशवी घ्यायचे. ती नावं त्यांच्या बरोबर लक्षात राहायची. माझं नाव सुनंदा, ते मात्र ते कायम सुलोचना म्हणायचे.

वेसूकडच्या एका मोठ्या सोसायटीतली बाई आली होती गाडीतून. ड्रायव्हरच्या हातात बादली. बादलीत फ्लॉवरहॉर्न, तो डोक्यावर टेंगूळ असलेला लालभडक मासा. वास्तूवाल्याने सांगितलं होतं की हा घरात ठेवला की धंदा चालेल. धंदा चालला नाही. उलट नवऱ्याचं कापडाचं काम बसलं. आता दुसऱ्या वास्तूवाल्याने सांगितलं की हाच काढा. आप्पांनी नाव विचारलं. बाई म्हणाली, "लकी." आणि स्वतःच हसली. जाताना मला म्हणाली, बेन, तुम्ही शेजारी आहात, तुम्हीपण जरा सांभाळून, याचा पायगुण वाईट आहे. पायगुण. ज्याला पाय नाहीत त्याचा. मी तिच्या साडीला फॉल लावायचं काम घेतलं नाही.

पण सगळ्यात घाण प्रकार वाढदिवसाचा. कुणा हौशी आई-बापाने पोराच्या वाढदिवसाला आलेल्या प्रत्येक मुलाला परतभेट म्हणून बाटलीत एकेक मासा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला आले तर आप्पांच्या शटरला पिशव्याच पिशव्या. कडीला, कुलपाला, जाळीला, तोरण बांधावं तशा बांधलेल्या. सगळ्या आया मुलांना शाळेत सोडून जाताना पधरावून गेल्या होत्या. ऊन चढलेलं. अर्धे मासे पोट वर करून तरंगत होते. एका पिशवीत पाणीच नव्हतं, ती गळून गेली होती. आप्पा आले, एकेक पिशवी सोडवत गेले, जिवंत एकीकडे, मेलेले एकीकडे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओरडले, "येस्नी नावं कोन सांगी आते?" यांची नावं आता कोण सांगणार. मेलेल्यांचं त्यांना तेवढंच खटकलं होतं.

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "आप्पा, आता मी बोलते ते ऐका. मासे विकता तुम्ही. ती बोटभर, नावाचीच शार्क तुम्हीच पोरांना दाखवता, ती हातभर होते हे तुम्हाला माहीत असतं. तो काळा सकर काच साफ करतो म्हणून तुम्हीच गळ्यात बांधता. चोराच्या उलट्या बोंबा कशाला मारता? त्यांनी तुम्हाला पधरावलं, त्याआधी तुम्ही त्यांना पधरावलं."

त्यांना ऐकू आलं. पहिल्यांदाच मला दोनदा बोलावं लागलं नाही. ते म्हणाले, "पोट शे ना ताई." आणि आत गेले.

पुढच्या वेळी मालाची गाडी आली तेव्हा त्यांनी शार्क घेतल्या नाहीत, सकरही घेतले नाहीत. कुणी मागितलं तर म्हणायचे, "ठेवत नाही. तो तुमच्या घरापेक्षा मोठा होतो." गिऱ्हाईक हसून पुढच्या चौकातल्या दुकानात जायचं, तिथून शार्क घ्यायचं, आणि वर्षा-दीड वर्षाने तीच शार्क आप्पांकडे आणून टाकायचं. म्हणजे विकण्याचा फायदा त्या दुकानदाराला आणि सांभाळण्याची शिक्षा यांना. मी म्हटलं पाटी तरी बदला. त्यांनी बदलली नाही. मला तेव्हा तो नुसता हट्ट वाटला होता.

कारण मला कळलं ते कानबाईच्या विसर्जनाच्या दिवशी. श्रावणात आम्हा खानदेशी घरांत कानबाई देवी बसते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. तापीवर आमच्या लोकांची ही गर्दी. आप्पा नारळ घेऊन पुढे, मी आणि काकू मागे. काठाला एका कोळ्याने जाळं ओढून ठेवलं होतं आणि तो शिव्या देत होता. जाळ्यात मासा नव्हताच. नुसते सकर. काळे, खरबरीत, काटेरी, चाळणीसारख्या तोंडाचे, हात हात लांब. काट्यांनी जाळं फाडून ठेवलेलं. ते कुणी खात नाही, विकत घेत नाही, म्हणून त्याने ते काठावर नुसते टाकून दिले होते आणि ते तास-तासभर मरत नाहीत. चिखलात तोंड उघडमीट करत पडले होते. लोक त्यांच्यावरून पाय टाकून देवीला घेऊन जात होते. मी पदर नाकाला लावला.

आप्पा तिथेच थांबले. नारळ माझ्या हातात दिला. म्हणाले, "हाई सगळा घरना शेतस." हे सगळे घरातले आहेत. कुणीतरी पाळलेले, कुणीतरी पधरावलेले. मग त्या सगळ्या ढोलांच्या वर आवाज काढून मला म्हणाले, "तापी मना गावथून येस ताई. गावले आम्ही तिनं पानी पेयेल शे. मी पाटी काढी टाकी, त हाई लोके कोठे जातीन? आठेच येतीन." पाटी काढली तर लोक नदीवर येतील. आप्पांच्या गळ्यात ते सगळं पडलं तरी चालेल, पण त्यांच्या नदीच्या पाण्यात नको. तेवढंच होतं त्यांचं. मला मोठं काही वाटलं नाही तेव्हा. काठावरच्या घाणीने जीव नकोसा झाला होता.

न विकणारं दुकान किती दिवस चालणार? नको झालेल्या माशांनी मागची सगळी जागा अडली. प्लॅस्टिकचे निळे पिंप अर्धे कापून त्यांत ते मोठे मासे. ते खायला मागायचे, पाणी घाण करायचे, वीज जाळायचे. शेवटी मालकाने जागा सोडायला सांगितलं. आप्पांचा मुलगा कोसाडच्या वसाहतीत राहतो, चौथा मजला, पाणी सकाळी येतं आणि भांडी भरेपर्यंत जातं. तो म्हणाला, बाबा, तुम्ही या, आई येईल, मासे नाही.

मग आप्पा आपल्या टाकून दिलेल्या माशांना घर शोधायला निघाले. लहानसहान मासे गेले. कुणी शाळेने घेतले, कुणी दवाखान्याने. लकीला एका हॉटेलवाल्याने नेलं. राहिले ते मोठे. तीन शार्क, ऑस्कर जातीचा म्हातारा कॅप्टन आणि सकरांचं एक पिंप. बागेतल्या तलाववाल्यांनी नको म्हटलं. मोठ्या दुकानांनी नको म्हटलं. तेव्हा आप्पा ज्यांनी ज्यांनी ते आणून दिले होते त्यांच्याकडे गेले. नावं लक्षात होती ना माशांची. पत्ता विचारत जायचे आणि दारात उभं राहून ओरडायचे, "कॅप्टनवाळा घर आ ज छे ने?" एकानेही परत घेतला नाही. एका ताईंनी आत पाणीसुद्धा विचारलं नाही, दार लोटलं. एक बाप आला तो पोराला घेऊन आला, शार्कसोबत फोटो काढला, पोराला म्हणाला, टाटा कर, आणि गेला. समोरच्या खाणावळीवाल्याने निरोप पाठवला की मरणारच असतील तर आम्हाला द्या, तळून तरी होतील. मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

शेवटी सगळे एकच म्हणायला लागले. आप्पांचा मुलगा म्हणाला, मालक म्हणाला, मासे न घेणाऱ्यांनीही जाता जाता सांगितलं. "तापीमां पधरावी दो ने काका, शुं फरक पडे." एक टेम्पो बोलवायचा, पिंपं चढवायची, काठावर उलटी करायची. दहा मिनिटांचं काम. आप्पांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं, आणि त्या वेळी मात्र ते बहिरे असल्याचं सोंग करत होते हे मला कळत होतं.

जागा सोडायच्या दिवशी मी सकाळी आले तर माझ्या भिंतीतून वेगळाच वास. उदबत्ती नाही, शेवाळ नाही. लवंग. सणाच्या मसालेभाताला येतो तसा घमघमाट. मी बाजूला जाऊन बघितलं. आप्पा पिंपाशी उकिडवे बसले होते. शेजारी औषधाच्या दुकानातून आणलेल्या लवंगेच्या तेलाच्या बाटल्या. कोमट पाण्यात थोडं तेल घालून, बाटली खळखळून हलवून, ते हळूहळू पिंपात सोडत होते. मला बघितलं आणि म्हणाले, "दुखनं झोपाडी देस."

मी आत गेले नाही, उंबऱ्यावरच उभी राहिले. ते एकेकाला नावाने हाक मारत होते. नेहमी गल्लीभर ओरडणारा माणूस, त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलला. "शेरा. झोप बेटा. मोटू, झोप." मासा आधी सुस्त व्हायचा, मग कलायचा, मग ते त्याला त्या भिजक्या हातावर धरून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने आणखी तेल सोडायचे. कल्ले हलायचे पूर्ण थांबेपर्यंत हात काढायचे नाहीत. कॅप्टनला फार वेळ लागला. म्हातारा होता, पण जिवट. त्यांनी त्याला मांडीवर घेतल्यासारखं धरलं होतं. बाहेर रस्त्यावरून दोघी बाया गेल्या. एक म्हणाली, वा, आज काय छान वास येतोय इकडे, नाहीतर रोज नाक दाबून जावं लागतं.

मला त्या बाईचा इतका राग आला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किळस यावी असं त्या दुकानात त्या दिवशी काहीच नव्हतं. जे होतं ते सगळं बाहेर होतं, इस्त्रीच्या कपड्यांत.

दुपारपर्यंत पिंपं रिकामी झाली. मागच्या मोकळ्या जागेत आप्पांनी आणि मुलाने खड्डा खणून सगळे पुरले. टाक्या धुऊन, पालथ्या करून टेम्पोत चढवल्या. आप्पा पाटी काढायला स्टुलावर चढले, एक खिळा सोडवला, आणि तेवढ्यात एक स्कूटर येऊन थांबली. माणसाच्या हातात पिशवी. पिशवीत सकर, एवढासा, अंगठ्याएवढा.

"काका, पधराववी छे."

मी म्हटलं, "दुकान बंद झालं. दिसत नाही का?" त्याने तिरक्या लोंबणाऱ्या पाटीकडे बोट केलं. "हजु लख्युं छे ने."

आप्पा स्टुलावरून उतरले. माझी खात्री होती की आज ते त्याच्या थोबाडीत मारतील, आणि मला ते बघायचं होतं. त्यांनी हात पँटला पुसला आणि विचारलं, "नाम शुं?"

"कोनुं? आनुं?" तो माणूस हसला. "एने वळी नाम शुं होय." त्याला कसलं आलंय नाव. पिशवी त्यांच्या हातात कोंबली आणि स्कूटर वळवून गेला.

टेम्पो सुरू झाला होता. मुलगा पुढे बसून हॉर्न देत होता. आप्पांनी उरलेले खिळे काढून पाटी उतरवली, मागे चढले, पालथ्या टाक्यांच्या मधे ती टेकवून बसले, आणि पिशवी दोन्ही तळव्यांत धरली. मी जवळ गेले. त्यांच्या गालात लवंग नव्हती. म्हटलं, "आप्पा, द्या इकडे. उरलंय ना तेल? तेवढंच करून टाका आणि मोकळे व्हा. तुमच्याच्याने नाही होत तर कुणाकडून तरी करून घेते मी."

त्यांनी ऐकलं. पिशवी डोळ्यांशी नेऊन आत बघितलं.

"येले नाव नई शे, सुनंदा," ते म्हणाले. "बिननावनं कसं मारू?"

टेम्पो कोसाडच्या दिशेने गेला. पिशवी त्यांनी उन्हातून काढून पाटीच्या सावलीत धरली होती.